दुधावरची साय

चीनमधल्या तिएनचिन शहरातल्या इस्पितळात मियाओबाई रोज सकाळी आधी भटारखान्यात जायच्या, मग ऑपरेशनला. सोयाबीनच्या दुधावरची साय बांबूच्या दोन काड्यांनी अख्खी उचलायची आणि एकही सुरकुती न पडता पुन्हा दुधावर अंथरायची. त्यांच्या तरुणपणी मेंदूची शस्त्रक्रिया शिकवणारं तिथे कुणी नव्हतं. मेंदूवरचं नाजूक आवरण हाताळायचं कसं, हे त्या या सायीवरच शिकल्या. "बाईच्या जातीनं कवट्या उघडायच्या?" म्हणून वडील अबोला धरून बसले होते. बाईंनी कवट्या उघडल्या, आणि माणसं चालत घरी गेली. मग दूरदूरचे डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकायला येऊ लागले.

त्या शरदातल्या सकाळी साय फाटली.

"दूधच पातळ झालंय आज," आचारी लाओ दुआन घाईघाईने म्हणाला.

"दुसरी कढई बघू."

तीही फाटली. काडीचं टोक थरथरत होतं.

"सोयाबीनच मेलं भिकार..."

"दुआन, सोयाबीनला कशाला बोल लावतोस?"

आज फांग या विणकरणीच्या मेंदूतली गाठ काढायची होती. बाई तडक तिच्या नवऱ्याकडे गेल्या.

"माझा हात कापतोय. शस्त्रक्रिया माझे शिष्य डॉक्टर पान करतील."

"तो पोरगा?" नवरा ताडकन उठला. "बाई, तुमच्या नावावर विसंबून आणलंय तिला! जरासा हात कापला तर कुणाला कळतंय?"

"तिला कळेल. जन्मभर." बाईंनी त्याला खाली बसवलं. "मी पानच्या शेजारी उभी असेन. हात त्याचा, नजर माझी."

टोपी चुरगाळत त्याने होकार दिला.

हे कळताच पान धावत आला. "बाई, मी?"

"मग काय लाओ दुआनला बोलावू?"

दुपारपर्यंत बाई त्याच्या खांद्याशी उभ्या होत्या. "सावकाश," एवढंच अधूनमधून म्हणायच्या. गाठ निघाली. संध्याकाळी फांगने डोळे उघडले आणि नवऱ्याला म्हणाली, "दाढी का नाही केलीस?"

दुसऱ्या दिवशी मियाओबाई भटारखान्यात आल्या, पण कढईकडे गेल्या नाहीत. बाकावर बसल्या.

"दुआन, वाडगाभर दूध दे. आणि तिळाची भाकरी."

"इतकी वर्षं येताय, कधी घोटभर प्यायला नाहीत!"

"वेळ कुठे होता?"

त्याने वाडगा पुढे ठेवला. वर जाडसर साय होती. बाईंनी ती काडीने फाडली, तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "पातळ कुठाय रे? चांगलं दाट आहे की!"