शेवयांची चौकट आणि मुंबईचं गाणं

माझ्या हातून झालेला सगळ्यात गोड येडेपणा सांगते. हसा खुशाल, पण कपातला चहा सांभाळून.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. वेल्ह्याच्या अलीकडं, तोरण्याच्या पायथ्याला आमचं घर. आमचे हे लढाईच्या दिवसांत पुण्याहून बिनतारीचं काम शिकून आलेले. बोलणं इतकं मोजकं, की बायकोशी बोलले तर जणू सरकार दंड करील! त्यांनी जुन्यापान्या सामानाचा रेडिओ जुळवला होता. तो नुसता खरखरायचा.

मामंजी म्हणाले, "आईतवारी बोलला तर ठीक. न्हाईतर खोकं माळ्यावर, अन् तू औतामागं."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यातलं काय कळतंय? माझ्या डोक्यात शेवया! वाळत घालायला काठ्या पुरत नव्हत्या. ह्यांना एकदाच म्हटलं होतं, एखादी चौकट करून द्या की.

आणि आईतवारी सकाळी बघते तर काय? अंगणात खुंटावर गरगर फिरणारी बांबूची चौकट, अन् तिच्यावर ओळीनं ताणलेल्या तांब्याच्या तारा. कुणी ऊनच कातून ताणलंय असं वाटावं. एक तार खिडकीतून घरात गेलेली. म्हटलं, वाऱ्यानं पडू नये म्हणून बांधली असेल.

मी तर तरंगायलाच लागले. न बोलणाऱ्या माणसानं माझ्यासाठी एवढं करावं? ओल्या शेवया तारांवर सोडल्या. ऊन सरकेल तशी चौकट उन्हाकडं फिरवत राहिले, गुणगुणत.

आत काय चाललं होतं, ते मला मागनं कळलं. रेडिओच्या कानाला लावायच्या चकत्या ह्यांनी पितळी परातीत ठेवल्या होत्या, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. परातीत बाईचा आवाज उमटायचा, मामंजी पुढं सरकायचे, की आवाज गप्प! तीनदा असं झालं. मामंजी उठायला लागले, तसे हे बाहेर धावले.

मी पदर सावरून खाली बघत म्हटलं, "तुमी बोलत न्हाई, पर माज्या मनातलं समदं जानता."

ह्यांनी शेवया बघितल्या. मला बघितलं. मग चौकटीची कड हळूच मुंबईच्या दिशेला धरली.

"आता हितनं हलवू नगं."

"अन् ऊन?"

"ऊन यील आपसूक."

तेवढ्यात परातीतनं गाणं आलं. घाट, डोंगर ओलांडून कुठल्या कोण बाईचा गळा आमच्या अंगणात! शेवया वाऱ्यावर हलत होत्या, त्याच गाताहेत असं मला वाटलं.

मामंजी दारात आले. बराच वेळ शेवयांकडं बघत राहिले. "असं हाय व्हय. ह्या घातल्याबिगार खोकं बोलत न्हाई तर."

हे परातीपाशी जाऊन बसले.

तिथनं पुढं मामंजी ऐकायला बसले, की आधी मला हाक. सगळं घर मुंबईचं गाणं ऐकायचं अन् मी पाटावर शेवया वळत बसायची. दोन वर्षं!

ती चौकट रेडिओचा आवाज धरायची होती, तिला शेवया लागत नाहीत, हे ह्यांनी मला मामंजी गेल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, खीर लई झ्याक करायचीस.