पेटाऱ्यातले फोन

भागोजी डोर्लेकरांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. तांडेल म्हणून चालवलेली त्यांची बोट कधी खडकाला लागली नाही, आणि नमनाच्या खेळातल्या मावशीचं एक वाक्यही त्यांनी कधी गाळलं नाही. पहिल्या गोष्टीला साक्षीदार समुद्र, दुसरीला गाव. समुद्र बोलत नाही. गावाने अलीकडे बोलणं बंद केलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

भाट्याच्या खाडीलगत त्यांची वाडी, आणि वाडीचं नमन मंडळ वाडीइतकंच जुनं. आधी देवाला नमन, मग गण, मग गवळण, शेवटी वग. गवळणीत बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी म्हणजे मावशी. ती मिशीवाल्या पुरुषानेच करायची, नऊवारी लुगडं नेसून. सरपंचाला भर मांडवात "मेल्या, रस्ता खाल्लास तो पचला काय?" असं विचारायचा अधिकार गावात एकट्या मावशीला. भागोजी तो ऐन तारुण्यापासून बजावत आले होते. अनेक सरपंच आले, गेले. रस्ता तसाच राहिल्यामुळे वाक्य बदलावं लागलं नाही.

बोटीवरचं काम मात्र सुटलं. मालकाने दिशा दाखवणारं नवं यंत्र बसवलं, आणि भागोजींचं त्या यंत्राशी जमलं नाही. एकदा परतीच्या वाटेवर ते भलतीकडेच, पूर्णगडच्या अंगाला चालले आणि यंत्र मागे, रत्नागिरीकडे बोट दाखवत राहिलं. भागोजींच्या मते यंत्र बिघडलं होतं. मालकाने यंत्र ठेवलं आणि भागोजींना किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करायला बसवलं. तेव्हापासून मंडळ हेच त्यांचं तारू. खलाशी म्हणजे वाडीतली कॉलेजातली, कंपनीतली पोरंपोरी. शिमगा झाला की ही फौज टेम्पोत बसून गावोगाव खेळ करत फिरे.

त्या वर्षी अलोऱ्याच्या खेळात खड्डा पडला. कोयनेच्या वसाहतीतलं मैदान, गर्दी बरी. मावशी गवळणींना घेऊन आली, पेंद्याला हाक मारली, आणि पुढे शांतता. पेंद्या करणारा ऋत्विक अजून पडद्याआडच होता. तो धावत आला, काहीतरी बोलला, लोक हसले, गाडी पुढे सरकली. पण भागोजींनी पाहिलं होतं ते पाहिलं होतं. ऋत्विक आडोशाला उभा राहून फोनमध्ये डोकं खुपसून होता.

"तुझं लक्ष फोनात, म्हणून माझं वाक्य हवेत गेलं," भागोजी त्याला म्हणाले.

ऋत्विकने एकदा शमिकाकडे पाहिलं. शमिका गवळणीतली पुढची पोर, मंडळाची चिटणीस आणि मंडळातली एकमेव व्यक्ती जिला भागोजी थोडे बिचकत. तिने मान खाली घातली.

"चुकलं काका," ऋत्विक म्हणाला.

भागोजींनी ठरवलं, फोन बंद. पण नुसतं सांगून ऐकायला ही पोरं काही जुन्या काळची नव्हती. त्यांनी मोठा दरबार गाठला.

खेळाला निघण्याआधी देवळासमोर गाऱ्हाणं घालतात. म्होरक्या देवाला मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात. काय मागितलं ते कुणी ऐकत नाही. आवाज थांबला की व्हय म्हणायचं, एवढं लहानपणापासून अंगात मुरलेलं. भागोजींनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा, ही तुझी लेकरं खेळ घेऊन निघाली हायत, तेंची गाडी सांभाळ."

"व्हय महाराजा."

"कुणाची वाकडी नजर लागली असंल, ती भायेरच्या भायेर घालव."

"व्हय महाराजा."

"आनि गावची शीव ओलांडल्यापासनं परत गावात पाय ठेवीपर्यंत फोन पेटाऱ्यात ठेवायचं ह्या लेकरांनी कबूल केलंय, तेंच्या शब्दाला यश दे."

"व्हय महाराजा."

नारळ फुटला. मग हळूहळू एकेक चेहरा उतरू लागला.

"काका, आम्ही कधी कबूल केलं?" शमिकाने विचारलं.

"आत्ता."

देवाला दिलेला शब्द. आता तो पोरांना मोडता येईना आणि भागोजींना मागे घेता येईना, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. मुखवटे, टोप आणि मावशीचं लुगडं ठेवायचा लाकडी पेटारा होता. सगळे फोन त्यात गेले. भागोजी अन्याय करणारे नव्हते, त्यांनी स्वतःचाही टाकला. टेम्पोचा ड्रायव्हर अनिल गाऱ्हाण्याच्या वेळी टायरात हवा बघत होता. त्याने व्हय म्हटलं नव्हतं, म्हणून त्याचा फोन सुटला. त्या हंगामात मंडळातल्या झाडून सगळ्या आया, दोन होणारे नवरे आणि एका कंपनीचा सुपरवायझर अनिललाच फोन करत. तो शेवटी शेवटी "डोर्लेकर मंडळ, बोला," असं म्हणू लागला होता.

"फोन पेटाऱ्यात घातलाव, आता सुकवलेले सोडे पन घाला," आवडाबाई, भागोजींची बायको, म्हणाल्या. त्या मच्छी मार्केटात बसत आणि घरीही त्याच आवाजात बोलत. "वास लागंल, पन टिकतील."

"तुला कळायचं नाय. पोरांचं ध्यान परत आलं."

"पोरांचं आलं. तुमी बाजारात काय आनायला गेलेलाव?"

"नारळ. आनलंय की."

"मी मिरच्या सांगितलेल्या. नारळ कालचं हायत, परवाचं पन हायत." एवढं बोलून त्यांनी तो नारळ इतर नारळांच्या शेजारी नेऊन ठेवला.

भागोजींचं म्हणणं खोटं नव्हतं. टेम्पोत पोरं गाऊ लागली, एकमेकांची थट्टा करू लागली. मुख्य म्हणजे मावशीचा प्रवेश रंगू लागला. भागोजींनी वाक्य टाकायचा अवकाश, तीन बाजूंनी उत्तरं येत. कधी कधी त्यांनी टाकायच्या आधीच येत. शिस्त, भागोजी मनात म्हणत. त्याच काळात शेजारच्या गावांतली मंडळं आपल्या गवळणींचे तुकडे मोबाईलवर सोडत होती, ते घरोघर फिरत होते आणि आमंत्रणं त्यांना जात होती. भागोजींच्या मंडळाचा एक तुकडाही कुठे नव्हता. असणार कसा, सगळे फोन मुखवट्यांखाली अंधारात पडलेले.

हंगाम संपत आला तेव्हा लांज्याकडच्या एका खेळात पेंद्याचं पोट वाजलं. पेंद्याला ढेरी हवी म्हणून ऋत्विक पोटावर उशी बांधत असे. त्या उशीतून, ऐन मावशीच्या बोलण्यात, एका साबणाच्या जाहिरातीची धून आली. लोक हसून लोळले. त्या हंगामातला तो सगळ्यात मोठा हशा, आणि तो मावशीच्या वाट्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या अंगणात सगळे जमले.

"पेटाऱ्यात एक फोन घातलास. हा दुसरा कुठला?" भागोजींनी ऋत्विकला विचारलं.

"जुना होता काका."

"देवाम्होरं व्हय म्हटलंस ना?"

"म्हटलं."

"मग उद्यापासनं हिकडं यायचं नाय."

ऋत्विकने काखेतली उशी पेटाऱ्यावर ठेवली आणि गेला. शमिकाने तोंड उघडलं, पण त्याने जाता जाता मान हलवली, आणि तिने मिटलं. बाकीच्यांनी चपलांकडे बघितलं. भागोजींना वाटलं, पोरांना धाक बसला.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर शमिका बातमी घेऊन आली. रत्नागिरीत तरुणांच्या लोककला मंडळांचा महोत्सव होणार होता. मोठं नाट्यगृह, दूरदूरचे पाहुणे. एवढं आमंत्रण मिळालं तर मंडळ तरणार होतं; पोरं कंटाळत चालली होती आणि दोघं शेजारच्या मंडळात जाऊन बसलीही होती. निवडीला मात्र खेळाचं चित्रीकरण पाठवायचं होतं.

"तेंना सांग, हिकडं या, समोर करून दावतो," भागोजी म्हणाले.

"ते येत नाहीत काका. क्लिप बघतात."

"मग आपली नाय."

शमिका बराच वेळ पायरीवरचं शेवाळ अंगठ्याने खरवडत राहिली. "एक आहे," ती म्हणाली. "ऋत्विककडे."

ज्याला हाकललं त्याच्याच दारी जायचं. भागोजींनी दोन दिवस जाळं विणलं आणि तिसऱ्या दिवशी गेले. ऋत्विक आता सकाळी जेटीवर लिलावात मच्छीचे हिशेब बघत असे. बर्फाच्या खोक्यांमागे दोघं बसले.

"ती उशीतल्या फोनातली क्लिप दाव."

"काका, मी तीच पाठवतो. तुम्ही कशाला बघता?"

"माजा खेळ मी बघायचा नाय?"

ऋत्विकने फोन त्यांच्या हातात दिला आणि कारण नसताना खोकी मोजायला उठला.

पडद्याआडून काढलेलं चित्र होतं, थोडं हलणारं. मावशी आली, ठसक्यात आली. भागोजींना बरं वाटलं. मग मावशीने हात वर केला आणि तो वरच राहिला. चेहऱ्यावर काही नाही. धुकं आल्यावर किनारा जातो, तसं. पेंद्या पुढे आला: "काय गो मावशे, रस्त्याचं काय इचारणार व्हतीस ना सरपंचाला?" मावशी जागी झाली, रस्त्याचं वाक्य आलं. पुढे परत हात वर. आता गवळणींतली एक म्हणाली, मग दुसरी. त्या खेळात गवळणींत न उतरता आडून चित्र काढणारी शमिका कुजबुजत होती, "सानवी, तू घे, तू घे आता." पोरं मावशीभोवती फेर धरून एकेक वाक्य तिच्या तोंडाशी आणून ठेवत होती, आणि ती प्रत्येक वाक्य स्वतःचं असल्यासारखं उचलत होती.

भागोजींनी तुकडा परत पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला नाही.

"अलोऱ्याला काय बघत व्हतास फोनात?"

"तुमचंच बोलणं. चार वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग होतं. अडलात तर आतून सांगता यावं म्हणून." ऋत्विक खोक्यांशी बोलल्यासारखा बोलत होता. "फोन पेटाऱ्यात गेल्यावर मग आम्ही आपसात वाटून घेतलं. कुठे अडता ते दुसऱ्या दिवशी बघायला एक फोन लागायचा, तो मी ठेवला."

"सगळ्यांना ठावं?"

"आवडाकाकूंनीच सांगितलेलं. शिमग्याच्या आधीच."

लिलावाचा आवाज चढत होता. सुरमईला भाव बरा आला.

"बोललास का नाय मेल्या, हाकलला तेव्हा?"

"काय बोलणार होतो?"

भागोजींनी विचार केला. खरंच, काय बोलणार होता.

"पाठव," ते म्हणाले. "आनि लुगडं दुसऱ्या कुणाला नेसवा. मी पेटीवाल्यामागं झांजा वाजवीन."

क्लिप गेली. महिन्याभरात उत्तर आलं, मंडळाची निवड झाली. शमिकाने ते देवळात वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळींपाशी तिचा आवाज उतरला. परीक्षकांना वृद्ध मावशी फार आवडली होती. विसरण्याचा अभिनय इतका संयत आणि सहज त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. महोत्सवात तो प्रसंग, त्याच कलाकारासह, जसाच्या तसा ठेवावा अशी विनंती होती.

कुणी हसलं नाही. एका पोराला हसू आलं होतं, त्याला खोकला काढावा लागला.

"नाय जमायचं," भागोजी म्हणाले.

"मग नको जाऊया," शमिका म्हणाली, आणि सगळी पोरं एकदम दुसरीकडे बघू लागली. त्या बघण्यातच होतं सगळं. नाट्यगृहातले दिवे होते, घरी सांगून झालेलं होतं, नवे शिवायला टाकलेले झगे होते. भागोजींनी आयुष्यभर माणसं भरून बोट नेली होती. बंदर समोर दिसत असताना ती फिरवायची, हे काही त्यांना कधी आलं नव्हतं.

महोत्सवाच्या सकाळी टेम्पो देवळासमोर लागला. ऋत्विक घरून नवी उशी घेऊन आला होता. त्याला परत घेतल्याचं कुणी बोललं नाही. पेटारा गाडीत चढला, फोन प्रत्येकाच्या खिशात होते. भागोजींनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा, ही तुझी लेकरं..."

हात जोडलेले राहिले. ओठ हलले, पुढचं आलं नाही. देवळात घंटेचा दोर वाऱ्याने हलत होता. हे गाऱ्हाणं त्यांनी मावशीच्याही आधी पाठ केलेलं.

ऋत्विक शेजारी येऊन उभा राहिला. "ही तुझी लेकरं खेळ घेऊन निघाली हायत, तेंची गाडी सांभाळ."

"व्हय महाराजा."

"फोन पेटाऱ्यात ठेवायचा शब्द मोडला, तेची माफी कर."

"व्हय महाराजा."

ऋत्विक थांबला. शमिकाकडे पाहिलं, मग नारळाकडे. "आनि मावशी जिथं इसरते, तिथंच तिला इसरू दे. आमी हाव."

"व्हय महाराजा," भागोजी म्हणाले, सवयीने, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठ्याने.

नारळ फुटल्यावर त्यांना कळलं आपण काय कबूल केलं ते. मग ते टेम्पोत चढून पेटाऱ्यावर बसले, आणि अनिलने गाडी सुरू केली.