तिन्हीसांजेचा दिवा आणि केतकीचे डास

वीकेंडला डास बघायला चाललेय म्हटल्यावर लंडनमधल्या हाउन्सलोची माझी शेजारीण म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब?" पण माझी धाकटी बहीण केतकी फोनवर रडली होती. मिल्टन कीन्सजवळच्या एका लॅबमध्ये ती मलेरियाचे डास पाळते, आणि पिंजऱ्यातल्या नर-माद्यांची जोडी जमतच नव्हती. ही तुकडी अशीच मेली की वंश संपला, आणि तिची पीएचडीसुद्धा.

पिकॅडिली लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून चालत युस्टन, मग ट्रेन. तिकीट आधी काढलंत तर परवडतं. डबा मात्र घरचाच न्या. माझ्या मेथीच्या पराठ्यांवर केतकी स्टेशनच्या पार्किंगमध्येच तुटून पडली. पुढे तिच्या गाडीतून राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आणि त्यानंतर आणखी राउंडअबाउट.

लॅबची खोली गरम, दमट, थेट मे महिन्यातलं चिपळूण. जाळीचा मोठा पिंजरा, त्याच्या तळाशी काळा कागद.

"ताई, संध्याकाळी नर अशा काळ्या डागावर थवा करतात," केतकी म्हणाली. "मादी थव्यात शिरते, तिथेच जमतं. आमचे दिवे खटकन बंद व्हायचे, बिचाऱ्यांना संध्याकाळच मिळत नव्हती. आज पहिल्यांदा हळूहळू मंद करतेय."

"म्हणजे तू स्थळं जमवतेस."

"गप्प बस आणि बघ."

उजेड उतरत गेला आणि नर खरंच कागदावर वर-खाली नाचायला लागले. मधूनच एखादी जोडी चिकटून खाली यायची. मी भान हरपून बघत होते. खोलीत सांज दाटली आणि माझा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला. तिन्हीसांजेला अंधारात बसायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त. मी दिवा लावला, वर हातही जोडले.

थवा विस्कटला.

"ताई, तू नमस्कार करतेयस?" केतकी बटणाकडे झेपावली.

तिने पुन्हा अंधार केला, पण नर जाळीला चिकटून बसले ते बसलेच. रात्री तिच्या घरी गेलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सकाळी ती काही माद्या मायक्रोस्कोपखाली तपासत होती आणि मी दाराबाहेर नखं कुरतडत होते. ती बाहेर आली. "काहींच्या पोटात शुक्राणू आहेत, ताई. तू उजेड करायच्या आधीच जमलं होतं त्यांचं." मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच फरशीवर बसकण मारली. उरलेले पराठे आम्ही हसत हसत संपवले. तुम्हाला कधी अशी लॅब बघायला मिळाली, तर बटणापासून लांब उभे राहा.

घरी आल्यावर मात्र संध्याकाळ झाली की माझा हात बटणाकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. बाकीच्या माद्यांनी अंडी घालून त्यांतून अळ्या निघेपर्यंत जिवाला घोर होताच. नवरा म्हणायचा, "अगं, अंधारात धडपडतोय मी." मग एका संध्याकाळी केतकीचा मेसेज आला: "ताई, अळ्या निघाल्या. लाव आता दिवा."

लावला. त्या दिवशीचा नमस्कार डासांना.