जमीलाचाचीचा निळा फ्यूज

धरणगावच्या जमीला मणियारनं पन्नाशी उलटल्यावर जुनी छोटी मोटार घेतली, तेव्हा गल्लीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. तीस वर्षं ती बांगड्यांची पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं गावोगाव हिंडली होती. नवरा मुख्तार म्हणाला, "गाडी काही तुझं ऐकायची नाही." ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं ऐकता?" आणि तो विषय तिथंच मिटला.

पहिल्याच महिन्यात गाडीचे दिवे गेले. वायरिंगवाल्या मिस्त्रीनं स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, आणि आत ओळीनं बसलेले रंगीत फ्यूज पाहून जमीला हरखलीच. बांगड्यांच्या पेटीत आणि ह्यात फरक तो काय? तांबडा दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. इंग्रजीचं अक्षर न वाचता तिनं बसल्या जागी पाठ केलं. शिवाय निळ्याच्या जागी निळाच, हेही. मिस्त्री चिमटा शोधत होता, तोवर हिनं दोन बोटांनी फ्यूज उपसून त्याच्या हातावर ठेवला. घट्ट मनगटावरून बांगडी उतरवणाऱ्या बोटांना त्यात काय अवघड! आतली तार तुटली की लोक फ्यूज उडाला म्हणतात, जमीला म्हणते, बांगडीसारखा वाढला. काचेबद्दल 'फुटली' हा शब्द तिनं जन्मात तोंडातून काढला नाही, तो फ्यूजबद्दल तरी कसा काढेल?

गेल्या मार्गशीर्षात अमळनेरला पितांबर पाटलांच्या तेजलचं लग्न निघालं. तेजलच्या आजीचे, आईचे हात जमीलानंच भरलेले. तेजल तर पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या हातात काळी बिलवरं चढवलेली. हळद साडेदहाची, आणि चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही. आजी बेबाबाई वेळेच्या कडक. त्यांनी सकाळीच फोनवर सांगून टाकलं, "दहाले ये जमीला, नहीते मी दुसरी मणियारीन बलावस." तीस वर्षांचं घर एका सकाळीत हातचं जायची पाळी होती.

चुड्याला धक्का लागू नये म्हणून जमीलानं पहाटे मागची सीट काढली आणि पेटी थेट खाली पत्र्यावर टेकवली. शेजारच्या सीटवर सराफ रिखबचंद शेठ बसले, त्याच लग्नाची जोडवी-पैंजण पोचवायला. त्यांच्या मुलानं, अखिलनं, दुकानाची गाडी जळगावला नेली होती, म्हणून नाइलाज. नाहीतर बाईच्या गाडीत बसायचा शेठजींना मनातून संकोचच होता. निघाल्यापासून ते दाराची मूठ घट्ट धरून होते.

अर्ध्या वाटेत गाडी एकदम गप्प झाली. किल्ली फिरवली की घरघर करायची, पण चालू होईना. जमीलानं किल्ली काढून घेतली, झाकण उघडलं आणि पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा निळा फ्यूज उजेडात धरला. वाढला होता. जवळ एकच जादा निळा होता, तो तिनं बसवला, किल्ली फिरवली, आणि तोही गेला. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

शेठजींनी पिशवीतून पैंजणाच्या कड्या जोडायची तार काढली. "लोक तांब्यानी तार गुंडायतस. हाई लाव, अस्सल चांदी शे."

सराफाला प्रत्येक दुखण्यावर चांदीच दिसणार. जमीलाला हसू आलं, पण तार तिनं घेतली नाही. "तीच तं भीती शे, शेठजी. हाऊ फ्यूज जळस म्हनीसन आख्खी गाडी वाचस. तुमनी तार जळनार नही, मंग वायर जळी, आन आपू बी."

शेठजी दार उघडून लगबगीनं खाली उतरले.

लागोपाठ दोन वाढले म्हणजे कुठंतरी वायर उघडी पडून पत्र्याला टेकलीय, एवढं तिला कळत होतं. ती मागं गेली. पेटी दोघांनी मिळून उचलली, आणि खाली पंपाकडे जाणारी वायर पेटीच्या कोपऱ्यानं सोलून निघालेली दिसली. काळजीपोटी सीट काढली, आणि काळजीनंच घात केला होता. जमीलानं स्वतःला दोन शेलक्या शिव्या दिल्या, वायरीवर काळी टेप गुंडाळली, आणि शेठजींना पुढं बसवून पेटी त्यांच्या मांडीवर दिली.

आता निळा फ्यूज आणायचा कुठून? तिनं ओळीवरून नजर फिरवली. दुसरा निळा एकच होता, हॉर्नचा. तो उपसून तिनं पंपाच्या जागी बसवला. या खेपेला गाडी चालू झाली. "शेठजी, हॉर्न तेवढा नही आते."

पुढच्या वळणावर कापसानं फुगलेली ट्रॉली अख्खा रस्ता अडवून चालली होती. जमीलानं नुसतं शेठजींकडे पाहिलं. सत्तरीच्या त्या अब्रूदार माणसानं एका हातानं पेटी कवटाळली, टोपी सावरली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाजूले व्हय रे भाऊ, नवरीना चुडा जाई ऱ्हायना!" ट्रॉली सरकली. मग शेठजींना त्याची गोडीच लागली. म्हशींना, फटफट्यांना, अमळनेरच्या बाजारातल्या हातगाड्यांना, ज्याला सरकायची गरज नव्हती त्यालासुद्धा त्यांनी सरकवलं. जमीलाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं.

तरी मांडवात पोचायला सव्वादहा झाले. आत पाटावर दुसरी मणियारीण पेटी उघडून बसलेली होती. जमीला दारातच थबकली.

"केव्हानी सांगी ऱ्हायनू," बेबाबाई वैतागून म्हणाल्या, "पन हाई पोरगी हात उघडत नही."

तेजल दोन्ही मुठी आवळून बसली होती. चाचीला पाहताच तिनं उजवा हात पुढं केला आणि मूठ सोडली.

शेठजींनी पेटी आत आणून ठेवली. जमीलानं हात धुऊन पदराला पुसले. ती खाली बसली, तेजलचा हात आपल्या हातात घेतला, आणि पहिली हिरवी बांगडी अलगद चढवली.