इंदापूरला विचारा

दोन कॉम्प्युटर, एक टेलिफोन आणि लग्नाच्या गोष्टी एका खोलीत आल्या की किस्से आपोआप साठतात. पहिले दोन-तीन मी हसत सांगतो. पुढचं जड जातं राव.

नव्वदचं दशक संपत आलेलं. बारामतीत शेखसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. इंटरनेट नवीन. सरांच्या डोक्यात आलं, स्थळं जुळवायचं वेब अ‍ॅप्लिकेशन काढू! प्रोग्रॅम मी लिहिला. बारामतीत माहिती भरायला कळसची वंदना, इंदापूरच्या शाखेत प्रकाश. संध्याकाळी दोघं फोनवर नोंदी जुळवायची. नोंदी संपायच्या, फोन संपायचा नाही! दोघंही बौद्ध घरातली, दोघंही बिनलग्नाची. अडचण एकच, आधी बोलायचं कुणी?

*

सुरुवातीला सगळ्यांना एकच लॉगिन. बसेल तो राजा! सांगवीचे एक तात्या मुलासाठी स्थळ बघायला आले. वंदना चहा सांगायला उठली, तेवढ्यात तात्यांनी माऊस धरला. ती परत येईस्तोवर तालुक्यातल्या सगळ्या पोरांपुढं 'लग्न ठरलं'! उरला एकटा तात्यांचा बबन.

"तात्या, हे काय केलंत?"

"आता कसं, पोरीवाल्यांना निवडायला सोपं!"

तरी बबनचं त्या वर्षी जमलं नाहीच.

*

मग सर म्हणाले, "युजर वेगळा, अ‍ॅडमिन वेगळा. युजरनं फक्त बघायचं, फार तर नवी नोंद भरायची." मी तसं करून दिलं.

इंदापूरच्या शाखेत वरकुट्याचे आबा आले. युजर म्हणजे काय, ते प्रकाशनं समजावलं.

"म्हंजी आमी दारात हुबं ऱ्हायाचं, आन तुमी पोरं माजघरात व्हय?" आबा चपला घालायला लागले.

वडीलधाऱ्या माणसाला कसं दुखवायचं? सरांनी फोनवरूनच सांगितलं, करा अ‍ॅडमिन! आबांना दिलं म्हणून त्यांच्या व्याह्यांना, व्याह्यांना दिलं म्हणून मेव्हण्यांना. इंदापूर तालुक्यात युजर म्हणून कुणी उरलंच नाही!

*

व्हायचं तेच झालं. त्यातल्या एका अ‍ॅडमिननं भावकीतल्या पोरीची नोंदच उडवली. पोरीचा बाप बारामतीत येऊन टेबल बडवून गेला. सर भडकले, "इंदापूरला आजपासून सगळे युजर!"

"प्रकाशला तरी राहू द्या," मी म्हणालो.

"त्याला ठेवलं की आबा परत चपला घालतील!"

प्रकाशनं मुकाट्यानं ऐकलं. वंदनाला तो हे सांगेल, असं आम्ही धरून चाललो. त्याला कमीपणा वाटला असावा, तो काही बोलला नाही.

*

पुढं वंदनालाच स्थळं यायला लागली, आमच्याच कॉम्प्युटरवरून! पोहे करून करून तिची आई दमली. वैतागून वंदनानं स्वतःच्या नावापुढं 'लग्न ठरलं' टाकलं. पाव्हणे थांबले.

पण इंदापूरचे फोनही आखडत गेले. नोंदी जुळल्या की ठेवला. एक दिवस कळलं, प्रकाशनं नाशिकला नोकरी धरली.

"भांडलात का गं?" मी वंदनाला विचारलं.

"मी कशाला भांडू? मला सांगायचं ते मी सांगितलं. त्यांना पटलं न्हाय."

ती वाट बघत राहिली. शेवटी वडिलांनी सोलापूरचं स्थळ पक्कं केलं. मांडवात तिनं मला एवढंच विचारलं, "इंदापूरचं कुणी आलं न्हाय?"

*

पुढं सरांनी तो कारभार गुंडाळला. मशीन पुसून टाकण्याआधी मी वंदनाची जुनी नोंद उघडली. 'लग्न ठरलं'च्या खाली शेऱ्याची जागा होती. शेरा फक्त अ‍ॅडमिनला दिसायचा. तिथं तिनं लिहिलं होतं, 'खरं नाही. इंदापूरला विचारा.'

मला फार वाईट वाटलं. सर चहाला हाका मारत होते, मी उठलोच नाही.

*

परवा इंदापूरच्या एसटी स्टँडवर प्रकाश भेटला. केस पिकलेत, हसणं तेच. तात्यांचा बबन आठवून दोघं पोट धरून हसलो. मग त्यानं पिशवी खाली ठेवली.

"तुला म्हणून सांगतो. तेव्हा एका रविवारी कळसला जाऊन तिच्या वडिलांना विचारणार होतो मी. नवा शर्टसुद्धा शिवला होता. आदल्या शनिवारी सहज कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं, तर 'लग्न ठरलं'!"

नाशिकची गाडी लागली. त्यानं पिशवी उचलली, पण चढेना.

"एक सांग, तू तर तिथंच होतास. कुणाशी ठरलं होतं रे तिचं?"