फ्रेल कोणाला म्हणावं

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन माणसं रोज एकाच टेबलावर डबे उघडायला लागली की ते आपोआप साठत जातात. त्यातला एखादा शब्दवेडा असला तर विचारूच नका! तंजावूरच्या आमच्या कॉलेजात, इंग्लिशच्या स्टाफरूममध्ये, असा माणूस म्हणजे आमचे हेड गोपाळराव सर. त्यांचं घराणं मराठी, माझंही. दोघंही पिढ्यान्पिढ्या इथलेच. घरात आमची जुनी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि पोटापाण्याला इंग्लिश. टेबलावरची तिसरी वसंता मॅडम. ती पक्की तमिळ, आणि जिभेला धार.

सरांचा लाडका शब्द ‘फ्रेल’.

“वीक, फीबल आणि फ्रेल, तिन्ही एकच नव्हेत!” असं सर पहिल्या वर्षाच्या वर्गाला दरवेळी बजावतात. “बॅटरी वीक असते. सबब फीबल असते. फ्रेल फक्त माणूस! तोही वयानं झिजलेला, जपून ठेवावा असा. आता वाक्यात वापरा!”

एकदा कालव्याकाठच्या गावातून येणारी एक मुलगी उभी राहिली. इंग्लिशमध्ये, एकही चूक न करता म्हणाली, “माझी आजी फ्रेल आहे, म्हणून ती एकावेळी एकच घागर पाणी आणते.”

“चूक!” सर ओरडले. “फ्रेल आजी घागर उचलूच शकत नाही.”

मुलगी गोंधळली. “मग पाणी कोण आणणार, सर?”

सरांनी पुढचा शब्द घेतला.

*

परीक्षेची ड्यूटी लागली की सरांच्या आई हटकून फ्रेल होतात. “मदर इज व्हेरी फ्रेल” म्हणत सर घरी, आणि त्यांची ड्यूटी आमच्या गळ्यात.

अशीच एक ड्यूटी संपवून मी आणि वसंता टाउन बसमध्ये शिरलो. बस खच्चून भरलेली. तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर दणकून थाप बसली. बघते तर सरांच्या आई! आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, नऊवारी घट्ट आवळलेली, काखेत अख्खा फणस. ओरत्तनाडूच्या पुतणीकडून घेऊन आल्या होत्या, एकट्या.

कंडक्टरला दया आली, त्यानं त्यांना जागा करून दिली. अक्कांनी त्या जागेवर वसंताला बसवलं.

“तू बस गे. तोंड बघ कसं उतरलंय! काम फार होतं काय?”

वसंता दात आवळून, ‘सर’चं ‘सार’ करणाऱ्या तिच्या तमिळ वळणानं म्हणाली, “सार घरी आहेत का, अक्का?”

“आहे की! हाताला तेल लावून बस म्हणून सांगून आलेय. फणस कोण कापणार?”

*

मग आम्हीही तो शब्द वापरायला लागलो. कँटीनचं सांबार फ्रेल, स्टाफरूमचा पंखा फ्रेल, प्रिन्सिपॉलचा विनोद तर जन्मापासूनच फ्रेल! सर चिडायचे. “निर्जीव वस्तूला फ्रेल म्हणता येत नाही! किती वेळा सांगायचं?”

त्या आठवड्यात सर एकदा दुसऱ्या तासाला उगवले. घामाघूम.

“स्कूटर सुरूच होईना,” म्हणाले.

वसंतानं डोकंही वर केलं नाही. “बॅटरी वीक असेल, सार.”

“तेच तर!”

“आणि सबब फीबल.”

*

सरांचा एक आत्येभाऊ कुंभकोणमला असतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. अक्कांनी तीन दिवस आधीच जायचं म्हणून पिशवी भरली. सरांना ते पसंत नव्हतं. आईनं घरात बसावं, हवा-पाण्याला जपावं, लोकांनी घरी येऊन पाया पडावं, अशी त्यांची कल्पना. त्यांनी परस्पर फोन लावला. लाइन कटकट करत होती.

“आई फ्रेल झालीय रे,” सर मोठ्यानं म्हणाले. “लग्नाला येणार नाही.”

पलीकडे ऐकू गेलं ते ‘फेल’. हार्ट की किडनी, एवढंही विचारायला फोन चालू राहिला नाही.

सकाळी दारात एक गाडी थांबली. त्यातून आत्येभाऊ, त्याची बायको आणि दोन म्हाताऱ्या, सगळे रडतच उतरले. अंगणात अक्का ओणव्या होऊन रांगोळी घालत होत्या. त्या सरळ उभ्या राहिल्या.

“कोण गेलं रे?”

आत्येभावानं घाईघाईनं डोळे पुसले. “कोणी नाही, मामी. आम्ही... लग्नाचं बोलवायला आलों.”

“मग रडता कशाला? मुलगा बरा नाही काय?”

*

सरांच्या बायकोला, कमलावहिनींना, मध्यंतरी चिकुनगुनिया झाला. त्या शाळेत शिकवतात. ताप उतरला, पण सांधे धरलेले. जिना उतरताना भिंतीला धरून एकेक पायरी. मी सरांना विचारलं, “वहिनी कशा आहेत?”

“थोडी वीक आहे. कापी प्याली की ठीक होते.”

“फ्रेल नाही?”

“छे छे! कमला आणि फ्रेल?” सरांना खरंच हसू आलं.

संध्याकाळी मी आणि वसंता भेटायला गेलो. वहिनी एका हातानं ओटा धरून आमच्यासाठी कापी (इथं कॉफीला कापीच म्हणतात) गाळत होत्या. मनगट सुजलेलं. मी म्हटलं, “वहिनी, बसा हो! तुम्हाला बघायला आलोय, तुम्हीच उभ्या?”

“मी नुसती वीक आहे,” वहिनी म्हणाल्या. “फ्रेल आत आहेत.”

आत सर कानाला मफलर गुंडाळून, गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यांना शिंक आली होती.

वसंतानं गाळणं वहिनींच्या हातातून काढून घेतलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, “सार, साखर किती? की स्वतः येऊन घालताय?”

*

अक्कांचं फिरणं थांबेना, तेव्हा सरांनी डॉक्टरांची मदत घ्यायचं ठरवलं. आईला कळू नये म्हणून सगळं इंग्लिशमध्ये. “डॉक्टर, शी इज एक्स्ट्रीमली फ्रेल. तुम्हीच तिला सांगा, बाहेर पडायचं नाही.”

डॉक्टर तरुण होता. त्यानं अक्कांचा रक्तदाब बघितला, छाती तपासली, मग आपली दोन बोटं पुढं केली आणि तमिळमध्ये म्हणाला, “पाटी,” म्हणजे आजी, “जोर लावून दाबा.”

अक्कांनी दाबली. डॉक्टर खुर्चीतून उठला!

“काय म्हणत होतास रे त्याला?” बाहेर आल्यावर अक्कांनी विचारलं. “फ्रेल फ्रेल करत होतास. काय ते?”

सरांना आयत्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. “नाजूक,” म्हणाले.

अक्का रस्त्यातच थांबल्या. मग एवढ्या हसल्या की रिक्षावाले वळून बघायला लागले. “नाजूक! लग्नात सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलगी आणली की पहिलवान! तुझ्या वडलांनाही कधी सुचलं नाही ते. बरं झालं, ऐकून तरी जाईन.”

*

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. वहिनी शाळेत जायच्या, सर कॉलेजात, आणि तेवढ्यात अक्का बाहेर पडायच्या. शेवटी सरांनी फाटकाला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. स्टाफरूममध्ये येऊन आम्हाला अगदी समाधानानं सांगितलं.

मला राहवलं नाही. “सर, कोंडून आलात?”

“कोंडून काय, मॅडम? सुरक्षित ठेवून आलो! घरभर फिरू दे, अंगणात बसू दे. कंपाउंडची भिंत छातीएवढी आहे. शी इज फ्रेल. जाऊन जाऊन जाणार कुठं?”

वसंतानं कपाटाचं दार जरा जोरात आपटलं.

जेवणाची सुट्टी झाली. सर पिशवीत हात घालून चाचपायला लागले. पुन्हा चाचपलं. टेबलाखाली वाकून बघितलं.

तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं. अक्का! केसांत जास्वंदीची दोन पानं, कोपर खरचटलेलं, नऊवारीचा काठ गुडघ्याजवळ टरकलेला. हातात सरांचा डबा.

“ओट्यावर राहिला होता,” त्या म्हणाल्या.

सर उभे राहिले.

अक्कांनी डबा टेबलावर ठेवला. पदरानं कोपर पुसलं आणि हात पुढं केला.

“चावी दे. जाताना फाटकातून जाईन म्हणते.”