आठ पायऱ्या

कृष्णकांत सामंतांनी चौतीस वर्षं पंचायत समितीत आवक-जावक सांभाळली. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख, सही आणि गेलेल्या कागदाची पोच. पोच नसेल तर कागद गेलाच नाही असं समजा, असं ते नव्या कारकुनांना सुनावायचे. ऑफिसात त्यांना मागून 'पोचकाका' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं. अशा माणसाने आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार तोंडी करावा, याला काय म्हणायचं? भोळेपणा म्हणावा तर ते भोळे मुळीच नव्हते. चारचौघांत वाईट दिसू नये, एवढंच त्यांना जन्मभर वाटत आलं, आणि त्या वाटण्यानेच त्यांचा घात केला.

नवीन पनवेलमधली त्यांची इमारत तळमजला आणि वर चार मजल्यांची, मजल्यावर तीन बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. त्र्याण्णव साली घर घेतलं तेव्हा चौथा मजला स्वस्त पडत होता, शिवाय वारा छान. वसुंधराबाई तेव्हा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन कुठेही न टेकता वर येत. कृष्णकांत निवृत्त झाले त्याच वर्षी घराचं कर्ज फिटलं. बँकेतून सोडवून आणलेले कागद त्यांनी देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिलं आणि मग कपाटात बायकोच्या शालूखाली सरकवले. आता आपण कोणाचं देणं लागत नाही, असं ते त्या दिवशी निदान तीनदा म्हणाले असतील.

पुढे वसुंधराबाईंना संधिवाताने धरलं. आधी गुडघे गेले, मग हातांची बोटं वाकडी झाली. दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर त्या खाली उतरल्याच नाहीत. विचुंब्याची जनी रोज सकाळी फाटकापाशी भाजीच्या टोपल्या मांडून बसायची. वसुंधराबाई गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत आणि वरूनच विचारत, "भेंडी कोवळी आहे ना गं?"

"आता वैनी, आमी तुमाला जून देऊ का? इतकी वर्सं झाली, भरवसा नाय का?"

भरवसा होता. पण भेंडीचं शेपूट आपल्या हाताने मोडून बघायचं, वांगं दाबायचं, भावावरून दोन शब्द बोलायचे आणि मग वर मूठभर कोथिंबीर मागून घ्यायची, हे दोरीवरून कसं जमणार? यात काय मोठं सुख, असं कोणालाही वाटेल. ज्याचं गेलं त्याला विचारावं. एकदा पिशवी वर ओढताना वसुंधराबाईंच्या हातून दोरी सुटली आणि टोमॅटो खाली फुटले. त्या आत येऊन पलंगावर बसल्या. "मला एकदा माझ्या हाताने भाजी निवडायचीय," त्या म्हणाल्या. "दुसरं काही मागत नाही मी." मागत नव्हत्या हे खरंच होतं.

कृष्णकांतांनी सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय काढला. तळमजला आणि पहिला मजला यांनी सरळ हात झटकले. जो वापरेल त्याने भरावं. ते रास्तच होतं. वरच्या नऊ घरांपैकी पाच घरं एकरकमी भरायला तयार झाली. कृष्णकांत आणि आणखी तिघांकडे इतके पैसे एकदम नव्हते. सेक्रेटरी उदयसिंह पवार त्या तिघांपैकीच, दुसऱ्या मजल्यावरचा, बोलायला गोड माणूस. तो म्हणाला, "काका, तुमच्या घरावर बोजा नाही. तुम्ही तारण कर्ज काढा. त्यात तुमचा वाटा आणि आम्हा तिघांचा. हप्त्याचे चार भाग करू, दरमहा तुमच्या हातात आणून देतो. लिहून देऊ का?"

हा प्रश्न विचारला गेला होता, हे विसरून चालणार नाही. कृष्णकांतांनी दोन्ही हात हलवले. "अहो, कागद कसले करताय? घरातली माणसं आपण."

घरी आल्यावर वसुंधराबाईंनी विचारलं, "लिहून घेतलंत ना?"

"शोभतं का ते? वीस वर्षं एकत्र गणपती बसवतो आपण."

पोचकाका हे म्हणाले.

एकट्या पेन्शनीवर बँक उभं करीना, म्हणून पुण्याच्या निनादची, त्यांच्या मुलाची, सही लागली. त्याने ती केली. पण माझ्याच घराचे हप्ते मला जड जातात बाबा, तेव्हा माझा हिशोब धरू नका, असं आधीच सांगितलं. पोराचं चूक नव्हतं. शालूखालचे कागद परत बाहेर आले. घर दोघांच्या नावावर, आणि वसुंधराबाईंची सही आता जुन्या सहीशी जुळेना. समोर येऊन करायला हवी, बँकेतले साहेब म्हणाले. म्हणजे लिफ्टसाठी कर्ज हवं तर आधी चार मजले उतरायला हवं होतं.

मग त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. चौघांनी उचललं, पुढे उदयसिंह. प्रत्येक वळणावर खुर्ची कलती व्हायची आणि वसुंधराबाई डोळे मिटून घ्यायच्या. दारादारांतून बायका बघत होत्या. फाटकाशी जनी उठून उभी राहिली, पण वसुंधराबाईंनी पदर पुढे ओढला आणि तिच्याकडे बघितलं नाही. ज्या बाईने उभा जन्म कोणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नव्हता, तिची अशी वरात निघाली. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "यापुढे उतरेन ती लिफ्टनेच."

लिफ्ट इमारतीच्या बाहेरून जिन्याला लागून बसली. जुन्या इमारतीत ती मजल्यावर उघडत नाही, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उघडते. म्हणजे घरापासून आठ पायऱ्या उरतातच. नकाशा बघताना कंत्राटदाराने हे दाखवलं होतं. कृष्णकांत म्हणाले होते, "आठच ना? त्या मी उतरवीन तिला. मला दुसरं काम काय आहे?"

दोन हजार बाराच्या दसऱ्याला लिफ्टला हार घातला. कृष्णकांतांनी बायकोच्या काखेत हात घालून तिला एकेक पायरी उतरवलं. त्याला दहा मिनिटं लागली. मग दार सरकलं आणि त्या खाली गेल्या. जनीने त्यांच्यासाठी विटेवर पाट टाकून ठेवला होता. वसुंधराबाईंनी अर्धा किलो भेंडी घ्यायला अर्धा तास लावला, सात भेंड्या परत टाकल्या, भावावरून वाद घातला.

"वैनी, तुमी वरच बऱ्या होत्या," जनी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

कृष्णकांत बाजूला पिशवी धरून उभे होते. घर गहाण पडलं होतं, पण इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पुढचे तीन महिने त्या रोज उतरल्या. ते तीन महिने खरे, बाकी सगळं आता सांगायचं ते असंच आहे.

तिघांनी दोन हप्त्यांचे पैसे वेळेवर दिले. तिसऱ्या वेळी एकाने घर विकलं आणि तो खारघरला गेला. नव्या मालकाने विचारलं, कसले पैसे, कागद दाखवा. दुसरा रोज लिफ्टमध्ये भेटायचा आणि आकडे बदलताना वर बघत राहायचा. उदयसिंह तर भेटला की खांद्यावर हात ठेवायचा. "काका, पुढच्या महिन्यात नक्की."

"असू दे, असू दे," कृष्णकांत म्हणायचे. मागायला म्हणून जायचे आणि हवापाण्याचं बोलून परत यायचे. स्वतः बसवलेल्या लिफ्टमध्ये आपणच चोरासारखे कोपऱ्यात उभे राहतो, हे एकदा त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी ते जिन्याने वर आले.

औषधं थांबवता येत नव्हती, हप्ता चुकवता येत नव्हता. संक्रांत झाल्यावर त्यांनी पळस्प्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथल्या एका वजनकाट्यावर काम धरलं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद करायची, चिठ्ठी फाडून द्यायची. पुन्हा आवक-जावक, फक्त वय त्रेसष्ट आणि वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. रविवार सुट्टी.

आता त्या आठ पायऱ्यांचं काय करायचं? शेजारीण एकदोनदा आली, पण तिला वजन झेपेना आणि वसुंधराबाईंनाही कोणाच्या गळ्यात पडणं सोसेना. गॅलरीतून पुन्हा पिशवी खाली जाऊ लागली. दिवसभर मधल्या वळणावर लिफ्टचं दार उघडायचं, मिटायचं, आणि वसुंधराबाई पलंगावर बसून ते ऐकत राहायच्या. बघणाऱ्याला वाटावं, त्या दार उघडायचीच वाट बघताहेत. रविवारी मात्र जायचं, असं ठरलं होतं. सुरुवातीचे पाच-सहा रविवार ते गेलेही.

मार्चमधला एक रविवार. शनिवारी ट्रकची रांग लागली होती आणि घरी यायला उशीर झाला होता. कृष्णकांतांनी सकाळी चहा घेतला आणि म्हणाले, "दहा मिनिटं पाठ टेकतो, मग जाऊ."

त्यांना जाग आली तेव्हा गॅलरीतलं ऊन सरकून गेलं होतं. घड्याळात दीड वाजला होता. दाराजवळच्या खुर्चीत वसुंधराबाई बसल्या होत्या. हिरवी नारायणपेठ नेसलेली, केस नीट बांधलेले, मांडीवर कापडी पिशवी. पायांत पट्ट्याच्या चपला होत्या. त्या वाकड्या बोटांनी दोन पट्टे अडकवायला तिला किती वेळ लागला असेल, हे त्यांना न विचारता कळलं.

"मला उठवायचं नाही का?"

"गाढ झोपला होतात हो. मन नाही झालं उठवायचं."

"जनी?"

"गेली ती. बारालाच उठते."

कृष्णकांत तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी एक पट्टा सोडवला, मग दुसरा. पट्ट्यांचे वळ सुजलेल्या पावलांवर उमटले होते. त्यांना रडू फुटणार होतं, म्हणून ते मान खाली घालून पाऊल चोळत राहिले. वळणावर लिफ्ट थांबली, कोणीतरी हसत बोलत वर चढून गेलं.

"पुढच्या रविवारी नक्की," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना उदयसिंहाचा आवाज ऐकू आला. शब्द तेच, गोडवाही तोच.

"असू दे," वसुंधराबाई म्हणाल्या, आणि कृष्णकांतांच्या केसांवरून वाकडी बोटं फिरवली. त्यांनीही काही लिहून मागितलं नाही.